प्लेग, बळद आणि आमची घरे

वैद्यकशास्त्रातील नवा शोध प्रथम प्रयोगशाळेत लागतो, मग ग्रंथांत नोंदला जातो आणि सर्वांत शेवटी सामान्य माणसाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. तेथून तो आत येतो की दारातूनच परत फिरतो, हे केवळ त्याच्या सत्यतेवर अवलंबून नसते. तो कोणाच्या हातून व कोणत्या रीतीने आला, यावरही ते बरेचसे अवलंबून असते. प्लेगचा इतिहास या दृष्टीने पुन्हा एकदा वाचण्याजोगा आहे, आणि तो वाचण्यास पलूसचा परिसर आम्हांस सोयीचा वाटतो.

पुण्याहून मिरजेस जाणारा लोहमार्ग पलूसच्या जवळून जातो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या कुंडल रोड स्टेशनाजवळ आपली वसाहत वसविली, ते स्टेशन याच मार्गावरचे. परंतु कारखान्याच्या आधी या देशातील लोहमार्गांवरून एक निराळाच पाहुणा हिंडून गेला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि थोड्याच काळात मुंबईहून पळणाऱ्या माणसांच्या व धान्याच्या पोत्यांच्या सोबतीने तो पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड असा दक्षिणेकडे पसरला. पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

त्या वेळी शास्त्रास काय ठाऊक होते? 1894 साली हाँगकाँग येथे येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधून काढला होता. रोग कशाने होतो हे कळले होते. तो घरात कसा शिरतो हे मात्र कळले नव्हते. सरकारने मात्र सारेच कळले आहे अशा थाटात उपाय आरंभिले. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँड याच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरले. रोग्यांस रुग्णालयात व त्यांच्या आप्तांस वेगळ्या छावणीत नेण्यात आले. सामानसुमान जाळले गेले. स्त्रियांच्या तपासणीत मर्यादा राहिली नाही. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास वाचकांस सुपरिचित आहे.

पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसास होतच नाही. तो उंदरास होतो; उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आश्रय शोधतात व माणसास चावतात. हे अनुमान सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली मांडले, तेव्हा त्यास फारसे कोणी मानले नाही. 1905 साली नेमलेल्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग करून ते निर्विवाद ठरविले. म्हणजे ज्या विलगीकरणासाठी घरे फोडली गेली, त्याने या रोगास फारसा पायबंद बसण्यासारखा नव्हता. अर्धे ज्ञान पुऱ्या बळाने लादले गेले, आणि त्याची किंमत घरांनी भरली.

उलटपक्षी, खेड्यांतील अडाणी समजली जाणारी माणसे काय करीत होती? घरात उंदीर पडू लागले की ती गाव सोडीत आणि माळावर झोपड्या घालून राहत. साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांची बांधणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस याचे मर्म सहज कळेल. जाड मातीच्या भिंती, अंधाऱ्या खोल्या, कोपऱ्यात कणगी, भिंतीत अगर जमिनीत बळद, आणि त्यात वर्षाचे जोंधळे. उंदरास याहून सुखाचे माहेर कोठले? माळावरच्या झोपडीत ना बळद, ना बीळ. कारण ठाऊक नसताही लोकांनी उपाय अचूक काढला होता. प्रयोगशाळेने त्याचे कारण मागाहून सांगितले.

याचा अर्थ प्रयोगशाळा निरुपयोगी होती असा मात्र कोणी घेऊ नये. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकीन यांनी अल्पावधीत प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात, ज्या कैद्यांनी ती आपखुशीने घेतली त्यांच्यात रोग व मृत्यू इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले. 1898 साली हुबळीस हजारो लोकांनी ती टोचून घेतली. मग 1902 साली पंजाबात मुल्कोवाल येथे एका बाटलीतील लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकीन यांच्या माथी आला. तो निवारण होण्यास 1907 साल उजाडले. एका बाटलीने गमावलेला विश्वास परत मिळविण्यास पाच वर्षे लागली. ज्या संस्थेत हे काम चाले, तिला 1925 साली हाफकीन यांचेच नाव मिळाले, हा न्याय उशिराचा असला तरी उचित होता.

विश्वास कसा जमतो याचे उदाहरण आमच्या जवळच होते. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय सुरू केले. तेथे कोणास शिपाई धरून नेत नसत. मोतीबिंदू काढून घेतलेला म्हातारा गावी परतून नातवंडांची तोंडे ओळखू लागला, की त्या घरासच नव्हे, साऱ्या आळीस शस्त्रक्रियेची भीती कमी वाटू लागे. डोळ्यांनी पाहिलेला गुण हाच तेथला हुकूम होता.

हा इतिहास केवळ जुना म्हणून सोडून देता येत नाही. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेग पुन्हा दिसला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले व उंदीर माजले, हे त्याचे एक कारण मानले गेले. बळदाचीच कथा पुन्हा घडली. मार्च 2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने तोच 1897 चा कायदा पुन्हा लागू केला, आणि त्याच महिन्यात पलूसच्या शेजारी इस्लामपुरात एका घरातून रोग पसरल्याने सारा जिल्हा धास्तावला. पुढे बोटास लावावयाचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघर आले, आणि आकडा 94 च्या खाली गेल्यास डॉक्टरकडे धावावे हे शाळा न पाहिलेल्या आजीसही कळू लागले. साखर व रक्तदाब मोजण्याची यंत्रे तर आता देवघराशेजारच्या फडताळात जाऊन बसली आहेत.

अशा प्रत्येक नव्या यंत्रास व नव्या लसीस घराने दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. हे कसे कार्य करते? आणि याबाबत अद्याप काय कळलेले नाही? पहिला प्रश्न 1897 साली कोणी विचारू दिला नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्याची सरकारची तयारी नव्हती. डॉक्टरांनी व अधिकाऱ्यांनी ही दोन्ही उत्तरे सरळ मराठीत द्यावीत, आणि आम्ही गृहस्थांनीही, उंदीर पडलेले दिसताच माळावर जाणाऱ्या त्या शेतकऱ्याप्रमाणे, आपल्या घरात डोळ्यांसमोर काय घडत आहे याकडे लक्ष ठेवून ती ऐकावीत.