बोलण्याआधीची पाच वर्षे

१८९७ या एकाच वर्षात इंग्लंडने दोन गोखले पाहिले.

एप्रिलमध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाविषयी साक्ष देणारे गोपाळ कृष्ण गोखले अवघे तीस वर्षांचे होते. फर्ग्युसनचा हा प्राध्यापक उलटतपासणीत डगमगला नाही. त्यामागे दहा वर्षांची उमेदवारी होती: सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन, न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवालांचा अभ्यास आणि आकडेशास्त्रात मुरलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांचे मार्गदर्शन. जोशी व्यवसायाने शाळामास्तर. आज त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

पुढे पुण्याहून पत्रे आली. प्लेगच्या घरझडतीत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत होते. गोखल्यांनी ते इंग्रजी वृत्तपत्रास सांगितले. इकडे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि शहर दहशतीखाली होते. गोखले परतले तेव्हा पुरावा द्यायला कोणीही पुढे येईना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि आपल्याच लोकांत भित्रे ठरले. आरोप खोटे होते असे यावरून सिद्ध होत नाही. गोखल्यांच्या हाती पुरावा नव्हता, एवढेच. आकड्यांबाबत इतका काटेकोर माणूस पत्रांवर विसंबला, हे मात्र खरे.

१९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास, अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात, त्यांनी सरकारच्या शिलकीचाच आधार घेतला. प्रजा दुष्काळाने गांजलेली असताना तिजोरी भरते, म्हणजे कर जास्त आहेत, असा तो युक्तिवाद होता. पुढल्या वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. श्रेय एकट्या भाषणाला देता येणार नाही, पण सरकारी आकड्यांनीच सरकारला अडचणीत आणणारे ते भाषण गाजले.

१९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजात त्यांनी नव्या सदस्यास पाच वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले: तीन वर्षे पुण्यात अध्ययन, दोन वर्षे देशाटन. या नियमामागे १८९७ ची ठेच असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले. वीस वर्षांचा लढा गाठीशी असलेल्या या माणसालाही गोखल्यांनी तेच सांगितले: वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. गांधीजी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पाहत राहिले.