जवसाची जहाजं आणि आयरिश माणसं

आयरिश माणसं देश सोडून का गेली, असं विचारलं की उत्तर तयार असतं: बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, लोक जहाजात बसले. १८४५ पासूनच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देशाबाहेर गेली, हे खरंच. पण अमेरिकेची वाट त्याच्या शंभरेक वर्षं आधी रुळली होती आणि माझ्या मते ती रुळवली जवसानं.

उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात घरोघरी लिनन विणत. त्याचा धागा निघतो जवसाच्या खोडातून. आपल्या विदर्भात जवस पिकतं ते तेलासाठी, चटणीसाठी. म्हणून बोंडं वाळेपर्यंत पीक उभं ठेवतात. अल्स्टरच्या शेतकऱ्याला हवा तलम धागा, म्हणून तो बी पिकण्याआधीच झाडं मुळासकट उपटी. मग पुढच्या पेरणीला बियाणं कुठलं? ते दरसाल बाहेरून आणायचं. १७३१ मध्ये ब्रिटिश संसदेनं अमेरिकी वसाहतींना ते थेट आयर्लंडला पाठवायची मुभा दिली आणि फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून जवसाची पिंपं डेरी, न्यूरी, बेलफास्टच्या धक्क्यांवर उतरू लागली. परतीला काय न्यायचं? लिननचे तागे अशी कितीशी जागा अडवणार! उरलेल्या जागेत माणसं घेतली. भाडं नसलेला काही वर्षं राबून देण्याचा करार करी.

यावर इतिहासकार धर्म आणि खंड पुढे करतात. १७०४ च्या कायद्यानं अल्स्टरच्या प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना सरकारी पदं बंद झाली. पट्टा संपला की जमीनदार खंड वाढवी. शिवाय १७१८ मध्ये अल्स्टरची माणसं बोस्टनला पोचली, तेव्हा जवसाचा थेट व्यापार सुरू व्हायचा होता. हा मुद्दा मला अडचणीचाच. पण नुसत्या जाचानं माणसं समुद्रापार जात असती, तर कॅथलिक कुळं आधी गेली असती. कायद्याचा काच त्यांना कितीतरी जास्त, तरी त्या शतकात अमेरिकेला जाणाऱ्यांत ती कमीच. जाच जायला लावतो, पण नेतं जहाज. आणि जहाज होतं जवसाच्या बंदरांत.

पुढच्या शतकात जवसाची जागा लाकडानं घेतली. नेपोलियननं बाल्टिकची वाट अडवल्यावर ब्रिटनला कॅनडाचं पाइन लागू लागलं. ओंडके उतरले की त्याच खोलात कच्च्या फळ्यांचे दुमजली बाक ठोकत, माणसं कोंबत. पलीकडे पोचल्यावर बाक काढून पुन्हा ओंडके. म्हणून क्वेबेकचं भाडं न्यूयॉर्कपेक्षा स्वस्त आणि म्हणूनच कितीतरी जण कॅनडात उतरून अमेरिकेत शिरले. आयर्लंडमधल्या केरीहून जाणाऱ्या ‘जीनी जॉन्स्टन’ जहाजाचीही हीच रीत. त्यावर एकही प्रवासी दगावला नाही, ही नवलाची गोष्ट. एरवी १८४७ मध्ये क्वेबेकजवळच्या ग्रोस इल या क्वारंटाइनच्या बेटावर पाच हजारांवर माणसं पुरली गेली.

वाफेच्या बोटी आल्या आणि लाकडाच्या जहाजांवरचा हा प्रवास थांबला. तिथून पुढे माझं गणित लागू पडत नाही. आता तिकीट पाठवी बोस्टन-न्यूयॉर्कात घरकामाला राहिलेली थोरली बहीण. त्यावर धाकटी जाई आणि तीही पगारातून मागचीचं भाडं धाडी.