पिशवीची गोष्ट: मिठी नदी ते आपला ओढा

आज एका नदीची गोष्ट सांगते. तिचं नाव मिठी. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन ती निघते, मुंबईतून साधारण १८ किलोमीटर वाहते आणि माहीमजवळ समुद्राला मिळते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीचं पाणी घराघरांत शिरलं, शेकडो माणसं गेली. भरती होती, नदीवर अतिक्रमणं होती, पात्र अरुंद झालं होतं. त्यात गटारांची तोंडं पातळ पिशव्यांनी बुजलेली. सगळा दोष पिशवीचा नव्हता, पण पाण्याची वाट अडवणाऱ्यांत तीही होती.

हे फक्त आपल्याकडेच घडलं नाही. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ साली मोठे पूर आले. ढाक्यात पाणी तुंबण्याला पिशव्याही कारण ठरल्या. २००२ साली त्या देशाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशभर अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश.

महाराष्ट्राने २००६ साली ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढे २३ मार्च २०१८ ला सगळ्याच प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिला दंड ५,००० रुपये! भाजीवालीची दिवसाची कमाई ती किती? तिच्या टोपलीतली पिशवी बेकायदा ठरली, पण वेफर्सची पाकिटं आणि शाम्पूच्या पुड्या दुकानात लटकतच राहिल्या. आज किनाऱ्यावर त्याही सापडतात.

मुंबईतच वर्सोव्याचा किनारा आहे. २०१५ साली अफरोज शहा या तरुण वकिलाने एका शेजाऱ्याला सोबत घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू माणसं जोडली गेली. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. कित्येक वर्षांनी! पण पावसाळा आला की समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो. कारण तो वरून, नाल्यांतून आणि नद्यांतून येतच राहतो.

वरून म्हणजे कुठून, बायांनो? आपल्याकडूनसुद्धा. ओढ्यात टाकलेली पिशवी नदीला लागते, नदी खाडीला. वाटेत एखादी गाय ती खाते, ते वेगळंच.

आपल्या आज्या बाजाराला जाताना कापडी पिशवी नेत. लग्नाच्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी असत. ही पातळ पिशवी गेल्या तीस-चाळीस वर्षांतली पाहुणी, आणि घर मात्र अडवून बसली.

बंदीनंतर कितीतरी बचत गटांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून विकल्या. आपल्या गटातही शिलाई मशीन असेलच. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा: आठवडी बाजारात आपल्या पिशव्या कोण विकणार, आणि गावचा सुका कचरा वेगळा ठेवायला जागा देण्याचा विषय ग्रामसभेत कोण मांडणार. ओढा आपला आहे, सुरुवात तिथूनच करू.