तळटीप : केट शेली

* केट शेली : अमेरिकेच्या आयोवा राज्यातली आयरिश घरातली पोर. वडील रेल्वेत मुकादम. ते आधीच वारलेले. ६ जुलै १८८१ च्या रात्री पुरात हनी क्रीकवरचा पूल कोसळून चौघांसह इंजिन ओढ्यात गेलं, आणि एक्सप्रेस यायची होती. केट स्टेशनवर कळवायला कंदील घेऊन निघाली, तो विझला. मॉइंगोना स्टेशन डे मॉइन नदीपलीकडे. मिट्ट काळोखात, वीज चमकेल तेवढ्या उजेडात, एकेक स्लीपर चाचपत ती रांगतच नदीवरचा लांब पूल ओलांडून गेली. गाडी थांबवल्याचं सगळेच सांगतात. पण मागे फिरून तिनं माणसांना ओढ्याशी नेलं, इंजिनावरचे दोघे त्यामुळे वाचले, हे आवर्जून नोंदवायला हवं. १९०३ पासून ती मॉइंगोनालाच स्टेशन एजंट होती.