नंबर येईपर्यंत

दुखतखुपत नसताना दवाखान्याची पायरी कोण चढतो? त्यातून खेड्यातली, रोजाने जाणारी बाई. तिचा दिवस बुडाला की चुलीला कळते. तरीही तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ सालापासून पुढच्या चार वर्षांत जवळजवळ ऐंशी हजार धडधाकट बायका तपासणीसाठी येऊन बसल्या.

रोग होता गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. तो वर्षानुवर्षे मुक्याने वाढतो. अंगावरून जाते, पाळी सोडून रक्त दिसते, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. आणि असले दुखणे बाई आईलासुद्धा सांगत नाही. शेजारी बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जात होती. तिथले नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ समूह केले आणि ते चार भागांत वाटले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यांत होत्या. तीन भागांत घरोघर बोलावणे गेले. शंभरांतल्या सुमारे ऐंशी आल्या!

श्रेय परिचारिकांचे आणि दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांचे आहेच. पण माझ्या मते थोडे श्रेय त्या वाट पाहण्यालाही द्यायला हवे. आपल्या बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दोघी अनोळखी शेजारी बसल्या, की पहिला प्रश्न, "अक्का, माहेर कुठलं तुमचं?" माहेरावरून लेकरांवर, लेकरांवरून बाळंतपणांवर, आणि मग आवाज खाली येतो. घरी जे बोलायची चोरी, ते परगावच्या बाईपाशी बोलता येते. ती काही उद्या पाणवठ्यावर भेटणार नसते. तेवढ्यात आत जाऊन आलेली एखादी सांगते, "काही नाही हो, घटकाभराचं काम." डॉक्टरांच्या दहा व्याख्यानांनी होत नाही ते त्या एका वाक्याने होते. शास्त्राच्या अहवालात याला रकाना नसतो, हे आपले माझे म्हणणे.

तपासण्या तीन होत्या. एका भागात पातळ आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहत. दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेत. तिसऱ्यात, ज्या विषाणूमुळे हा रोग होतो तोच आहे का, हे शोधत. निकाल २००९ साली छापून आला. आठ वर्षांत, विषाणूची तपासणी एकदाच देऊ केलेल्या भागात या रोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी न दिलेल्या चौथ्या भागात ६४. बाकीच्या दोन तपासण्यांनी एवढा फरक पडला नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूची तपासणीच आधी करावी अशी शिफारस केली.

चौथ्या भागावरून पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तिथल्या बायकांना रोगाची माहिती दिली होती, बोलावणे मात्र नव्हते. तुलनेवाचून फरक कळत नाही, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या ३१,४८८ बायकांच्या गावांत ती ओळ कधी बसलीच नाही.