सिगारेटच्या पाकिटावरचा कोड तस्करी कशी पकडतो?

युरोपीय संघात २० मे २०१९ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर वेगळा कोड छापावा लागतो. या यंत्रणेला ‘ट्रॅक अँड ट्रेस’ म्हणतात. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला वाटतं, खरं काम छापलेला कोड करत नाही, त्यामागचा डेटाबेस करतो.

कोडमध्ये काय असतं?
अनुक्रमांक, कारखाना, मशीन आणि पाकीट कोणत्या देशात विकायचं ही माहिती. अनुक्रमांक अंदाजाने ओळखता येण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी हवी, असा नियमच आहे.

चोरी कशी कळते?
कारखान्यापासून दुकानाच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत माल स्कॅन होत जातो. एका देशासाठीचं पाकीट दुसऱ्याच देशात सापडलं, तर ते शेवटचं कुठे नोंदलं गेलं ते लगेच दिसतं. खरा कोड कॉपी करून हजार पाकिटांवर छापला, तर तोच कोड पुन्हा पुन्हा सापडतो आणि बनाव उघडा पडतो.

आपल्या फोनने तपासता येईल का?
नाही. कॅमेऱ्याला फक्त अक्षरं आणि आकडे दिसतील. नोंदी बघायचा अधिकार तपास यंत्रणांना असतो.

मर्यादा काय?
चोरट्या कारखान्यातला, कोडच नसलेला माल डेटाबेसमध्ये येतच नाही. तिथे कस्टम्सला छापेच टाकावे लागतात.

आणि भारतात?
तंबाखू तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. त्यातही अशीच यंत्रणा अपेक्षित आहे. आपल्याकडे साधी खूण म्हणजे पाकिटाच्या दोन्ही बाजूंवरचा ८५ टक्के जागेतला चित्रमय इशारा. तो नसेल तर तसं पाकीट विकणं बेकायदा आहे.

एक लक्षात ठेवा: कोड माल कुठून आला ते सांगतो. अस्सल कोडची सिगारेटही तेवढीच घातक असते.