'साठी बुद्धी नाठी' आणि अल्झायमरची गोष्ट

आजोबांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला की आपण सहज म्हणतो, "वय झालं आता!" कुणी 'म्हातारचळ' म्हणतं, कुणी 'साठी बुद्धी नाठी'. पण असं म्हणणारे आपण एकटे नाही. गेल्या शतकात बराच काळ डॉक्टरही हेच समजत होते. हा समज कसा बदलला, ते पाहू.

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची महिला दाखल झाली. आधी ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली, मग विसरू लागली. वस्तू भलतीकडे नेऊन लपवायची, स्वतःच्या घरातही तिला दिशा कळेना. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "ऑगुस्ट." नवऱ्याचं नाव? "ऑगुस्ट." जेवणात फ्लॉवर होता, तर ती म्हणाली पालक.

एप्रिल १९०६ मध्ये तिचं निधन झालं. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर एका पदार्थाचे साठे होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत हे मांडलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला 'अल्झायमर' हे नाव दिलं.

पण इथेच एक घोळ झाला. रुग्ण पन्नाशीतली होती, म्हणून हा 'कमी वयात होणारा दुर्मिळ आजार' ठरला. तीच लक्षणं पंच्याहत्तरीत दिसली, तर ते म्हातारपण किंवा कडक झालेल्या रक्तवाहिन्यांचा परिणाम! १९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची बुद्धी अधिक क्षीण झाली होती, त्यांच्या मेंदूत ते साठेही अधिक होते. १९७६ मध्ये अमेरिकेतील न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्ट लिहिलं: पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा आजार एकच आहे.

म्हणजे वय हा धोका वाढवणारा घटक आहे, आजाराचं निदान नव्हे.

मग आपण काय करायचं?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशोब न जमणं, रोजचा स्वयंपाक अडणं, स्वभाव अचानक बदलणं, हे दिसलं तर डॉक्टरांकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव यांनीही विस्मरण होतं, आणि यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांतच गोंधळ वाढला तर लगेच दाखवा.

निदान अल्झायमरचं झालं, तर आजार पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. दिनक्रम ठरलेला ठेवा, गॅसची काळजी घ्या, खिशात नाव-पत्ता-फोनची चिठ्ठी ठेवा. "आत्ताच सांगितलं ना!" असं म्हणून वाद घालू नका, कारण त्यांना ते खरोखरच आठवत नसतं. आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही अधूनमधून विश्रांती मिळेल असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.